सेस्नाचा फ्युएल गेज आणि डिपस्टिक यांचा मेळ का बसत नाही? आणि मोठ्या विमानात इंधन मोजतात कसं?

पूर्वसोलो

नमस्कार मंडळी. सेस्ना १७२ एस वर ट्रेनिंग चालू आहे, गोल काट्यांचं जुनं पॅनेल. प्रीफ्लाइटला डिपस्टिकने (टाकीत बुडवायची मोजपट्टी) दोन्ही टाक्यांत १८-१८ गॅलन मिळतं, पण मास्टर स्विच ऑन केला की डावा काटा १५ वर आणि उजवा २० च्या पुढे. हवेत तर काटे डुलतच असतात. फ्लाइंग स्कूलमध्ये सगळ्यांचं एकच म्हणणं, की गेजकडे बघूच नको, कायद्यानेसुद्धा तो फक्त टाकी रिकामी असतानाच बरोबर असावा लागतो.

१) हे कायद्याचं खरं आहे का? असेल तर गेज लावतात तरी कशाला?
२) काटा नक्की कशामुळे चुकतो?
३) एअरबस-बोईंगमध्ये इंधन थेट किलोत दिसतं. टाकीखाली वजनकाटा तर नसतो, मग किलो येतात कुठून?

जाणकारांनी सविस्तर सांगावं ही विनंती.

स्पॅनर_आणि_सेफ्टीवायर

आधी कायद्याचं, कारण ही अफवा पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. १७२ चं सर्टिफिकेशन अमेरिकन नियमांखाली झालं. त्यातल्या एफएआर २३.१३३७ मध्ये असं होतं की सरळ-समतल उड्डाणात टाकीत फक्त न वापरता येणारं इंधन उरलं असेल, तेव्हा गेजने शून्य दाखवायला हवं. म्हणजे शून्य कुठे धरायचं, एवढंच ते वाक्य सांगतं. तुमच्या १७२ एस मध्ये प्रत्येक टाकीत २८ गॅलन मावतात आणि त्यातले २६.५ वापरता येतात. तळाचे दीड गॅलन, म्हणजे साडेपाच-पावणेसहा लिटर, हिशोबात धरायचेच नाहीत. टाकी खरोखर ठणठणीत कोरडी होईपर्यंत गेजने शून्य दाखवलं नाही तर पायलट फसेल, म्हणून ही अट. बाकीच्या वेळी गेजने काहीही दाखवलं तरी चालेल, असं त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. उलट त्याच कलमात उड्डाणादरम्यान प्रत्येक टाकीतलं वापरण्याजोगं इंधन दाखवायची सोय मागितलेली होती आणि ९१.२०५ मध्ये प्रत्येक टाकीचा गेज चालू असणं आवश्यक उपकरणांत धरलं आहे.

आता काट्याचं. टाकीच्या आत, पंखाच्या मुळाशी, एका दांड्यावर फ्लोट असतो. दांडा वरखाली झाला की सेंडरमधला वायपर रेझिस्टन्सच्या पट्टीवरून सरकतो आणि ओहम बदलले की काटा हलतो. बाईक-कारच्या टाकीत असतं तेच, फक्त इथे टाकी उथळ आणि पसरट. सगळी अडचण या आकारात आहे. पातळीत एखाद्या सेंटीमीटरचा फरक म्हणजे कित्येक लिटर इकडचे तिकडे.

त्यात पंखांना डायहेड्रल, म्हणजे टोकं वर आणि मुळं खाली. इंधन मुळाकडे जमतं. टाकी पूर्ण भरायच्या आधीच मुळाशी असलेला फ्लोट छताला टेकतो. म्हणून काठोकाठ भरलेल्या टाकीचा काटा सुरुवातीला बराच वेळ फुलवर अडून बसतो आणि मग एकदम खाली यायला लागतो. हा बिघाड नाही, भूमिती आहे.

खरे बिघाड बघायचे तर पुढच्या क्रमाने बघावेत:

काटा ठरावीक जागीच उडी मारतो: तिथली रेझिस्टन्सची पट्टी झिजली आहे. विमान रोज अर्ध्या टाकीवर उडत असेल तर पट्टी नेमकी मध्येच झिजते.

काटा संपूर्ण पट्टीवर सारखाच जास्त किंवा सारखाच कमी दाखवतो: आधी सेंडरचं अर्थिंग तपासा. सेंडरच्या बुडाखाली गंज किंवा रंग असला की जास्तीचे ओहम तयार होतात. पावसाळ्यानंतर हे हमखास सापडतं. ते साफ करून फरक पडला नाही तर कॅलिब्रेशन.

काटा एकाएकी रिकाम्यावर पडतो आणि हलत नाही: फ्लोटमध्ये इंधन शिरून तो बुडाला, किंवा दांडा वाकून टाकीच्या भिंतीला अडकला.

दोन्ही काटे एकदम चुकतात: सेंडर सोडा, आधी सप्लायचं व्होल्टेज, फ्यूज-ब्रेकर आणि कनेक्टर बघा. दोन सेंडर एकाच दिवशी सहसा मरत नाहीत.

तुमच्या केसमध्ये एक काटा कमी आणि एक जास्त आहे. विमान एका बाजूला कललेलं उभं असेल, एका बाजूच्या टायरमध्ये हवा कमी असेल, तर एवढा फरक सेंडर ठणठणीत असूनही येतो. आधी सपाट जागी उभं करून बघा. तरीही तीन-पाच गॅलनचा फरक राहिला तर टेक लॉगमध्ये (विमानाच्या बिघाडांची नोंदवही) लिहा. "सगळी १७२ अशीच असतात" म्हणून सोडून देऊ नका.

बॉल_मधोमध

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी उडवणाऱ्याच्या बाजूने भर घालतो.

काटे हवेत डुलतात ते बऱ्याचदा रडरवरच्या तुमच्या पायांमुळे. टर्न कोऑर्डिनेटरचा बॉल (विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणारा) डावीकडे गेला असेल तर इंधनही डावीकडे सरकतं. डाव्या टाकीत ते पंखाच्या टोकाकडे जातं, मुळाशी असलेल्या फ्लोटपासून दूर, म्हणून डावा काटा खाली. उजव्या टाकीत तेच इंधन मुळाकडे येतं, म्हणून उजवा काटा वर. बॉल मध्ये ठेवून टर्न घेतला तर तीस अंश बँकमध्येही काटे फारसे हलत नाहीत. गेज वाचायचा तर सरळ-समतल, बॉल मध्ये, आणि अर्धा मिनिट थांबून.

फ्युएल सिलेक्टर (इंधन कोणत्या टाकीतून घ्यायचं ते ठरवणारा खटका) बोथवर, म्हणजे दोन्ही टाक्यांवर, असताना दोन्ही टाक्या सारख्या रिकाम्या होतीलच असं नाही. व्हेंट (टाकीत हवा येण्याची नळी) डाव्या पंखाखाली आहे आणि दोन टाक्या वरून एका नळीने जोडलेल्या आहेत. हवेचा दाब किंचित कमी-जास्त झाला की एक टाकी जास्त ओढली जाते. जमिनीवर उतारावर उभं केलं आणि सिलेक्टर बोथवर राहिला तर वरच्या टाकीतलं इंधन खालच्या टाकीत जातं. म्हणून हँडबुकमध्येच लिहिलंय की उतारावर पार्क करताना किंवा इंधन भरताना सिलेक्टर लेफ्ट किंवा राइटवर ठेवा.

डिपस्टिकबद्दल: ती काही ब्रह्मवाक्य नाही. ती त्याच मॉडेलची, त्याच टाकीची असली पाहिजे. १७२ एन ची पट्टी एस मध्ये घातली तर आकडा साफ चुकीचा. पट्टी उभीच धरा, प्रत्येक वेळी तळाला एकाच जागी टेकवा आणि बाहेर काढल्या काढल्या वाचा. अ‍ॅवगॅस उन्हात काही सेकंदांत उडतं आणि ओली रेघ खाली सरकते. काचेच्या किंवा अ‍ॅक्रिलिकच्या नळीचा प्रकार असेल तर वरचं तोंड बोटाने बंद करून उचलायची. आणखी एक, इंधन अगदी थोडं असेल तर ते मुळाकडे साठतं आणि फिलरखाली पट्टी कोरडी येते. पट्टीवरचे आकडे एकूण इंधनाचे आहेत की वापरण्याजोग्या, हेही एकदा विचारून घ्या. दोन टाक्यांचा मिळून तीन गॅलनचा फरक आहे तो.

तिसरं माप घड्याळाचं. समजा वापरण्याजोगं ३६ गॅलन आहे. स्टार्ट, टॅक्सी आणि टेक-ऑफचे १.४ गॅलन. पुढे ७५ टक्के पॉवरला मिश्रण नीट लीन करून (हवेच्या मानाने इंधन कमी करून) तासाला साधारण १०. दोन तासांनी १४.६ उरले पाहिजेत. लीन केलंच नाही तर हा हिशोब कोसळतो.

डिप, घड्याळ आणि गेज या तिघांत मतभेद असेल तर सगळ्यात कमी आकडा खरा धरायचा. "गेज लावतात कशाला" याचं उत्तरही इथेच आहे. डिपस्टिक भूतकाळ सांगते. घड्याळ गृहीत धरतं की इंधन फक्त इंजिनातूनच जातंय. फिलर कॅपचा सील फाटला असेल किंवा कॅप नीट बसली नसेल तर पंखावरच्या कमी दाबामुळे इंधन वरून ओढलं जातं आणि मागे उडून जातं. कुठे गळती लागली तरी तेच. हे डिपला दिसत नाही आणि घड्याळालाही नाही. दिसतं फक्त गेजला. एक काटा हिशोबापेक्षा झपाट्याने पडायला लागला तर "गेजच खराब असेल" म्हणून पुढे जायचं नाही, जवळचं एअरफील्ड धरायचं. १७२ एस मध्ये एखाद्या टाकीत ५ गॅलनच्या खाली इंधन मिनिटभर राहिलं की लो फ्युएलचा पिवळा दिवा लागतो, त्यालाही हाच नियम.

सिमवाला_राजा

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: आता सगळ्या मोठ्या विमानांत अल्ट्रासॉनिक सेन्सर असतात. तळातून आवाज सोडतात, पृष्ठभागावरून परत येतो, त्यावरून उंची.

बाऊजर_ते_विंगटिप

राजे, सगळ्या नाही. अल्ट्रासॉनिक बोईंग ७७७ मध्ये आहे. ए३२० आणि ७३७ कपॅसिटन्सवर, म्हणजे वीज साठवण्याच्या क्षमतेवर, चालतात. रॅम्पवर रोज दिसणारी बहुतेक जेट विमानं याच जातीची, म्हणून तेच नीट समजावतो.

टाकीत ठिकठिकाणी प्रोब उभे असतात. प्रोब म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन नळ्या, मध्ये काही मिलिमीटरची फट. दोन नळ्या मिळून एक कपॅसिटर. फटीतल्या पदार्थामुळे ही क्षमता किती पट होते तो डायइलेक्ट्रिक स्थिरांक: हवा असेल तर जवळजवळ १, जेट इंधन असेल तर साधारण २.१. इंधन जितकं वर चढेल तितका कपॅसिटन्स वाढतो. हलणारा भाग एकही नाही, त्यामुळे झिजायला काही नाही.

आकडे घेऊन बघू. समजा मीटरभर उंचीचा प्रोब कोरडा असताना ६० पिकोफॅरड. पूर्ण बुडाला तर ६० गुणिले २.१, म्हणजे १२६. अर्धा बुडाला तर ९३. म्हणजे सगळा खेळ ६६ पिकोफॅरडमध्ये. एवढ्या छोट्या सिग्नलला वायरिंगचाच कपॅसिटन्स गिळून टाकेल, म्हणून प्रोबकडून परत येणारी वायर शील्डेड असते. ते शील्ड कनेक्टरपाशी तुटलं की आकडा भरकटतो.

टाकीचा आकार वेडावाकडा, विमान कधी नाक वर तर कधी खाली, म्हणून एक प्रोब पुरत नाही. अनेक प्रोब ठेवून संगणक त्यांची बेरीज करतो आणि विमानाच्या कलानुसार दुरुस्ती करतो. जुन्या पद्धतीत प्रोबच्या नळीलाच टाकीच्या आकाराप्रमाणे घडवत, म्हणजे टाकी रुंद असेल त्या उंचीवर प्रोबही जास्त कपॅसिटन्स देईल.

आता किलो. इंजिनाला लागते ती ऊर्जा, आणि ती वजनाच्या हिशोबात येते, लिटरच्या नाही. जेट ए-१ ची घनता १५ अंशांना लिटरला ०.७७५ ते ०.८४० किलो या मर्यादेत कुठेही चालते. ए३२० च्या टाक्यांत साधारण २३,८५९ लिटर मावतात. ०.७७५ ने धरलं तर १८,४९१ किलो आणि ०.८४० ने धरलं तर २०,०४२. टाकी तीच, तीही भरलेली, आणि फरक दीड टनाचा. त्यात तापमान. घनता दर अंशाला अंदाजे ०.०००७ ने घटते. नागपूरच्या मे महिन्यात ४० अंशांवर गेलेलं इंधन १५ अंशांपेक्षा लिटरमागे १७-१८ ग्रॅमने हलकं असतं.

इथे निसर्गाची मेहेरबानी कामी येते. इंधन तापलं की घनता घटते आणि डायइलेक्ट्रिक स्थिरांकही घटतो. स्थिरांकातून १ वजा करून त्याला घनतेने भागलं तर उत्तर बऱ्यापैकी कायम राहतं. म्हणजे नुसता प्रोबसुद्धा वजनाच्या जवळपास जातो. उरलेली चूक काढायला टाकीच्या सगळ्यात खालच्या भागात कॉम्पेन्सेटर बसवतात. तो कायम इंधनात बुडालेला असतो, त्यामुळे पातळीशी त्याचा संबंध नाही. आत्ता टाकीत असलेल्या इंधनाचा स्थिरांक किती, एवढंच तो सांगतो. काही विमानांत घनता थेट मोजणारा डेन्सिटोमीटरही असतो. पातळीवरून घनफळ, घनफळ गुणिले घनता, झाले किलो.

अल्ट्रासॉनिकमध्येही गंमत हीच. आवाजाचा वेग इंधनाच्या जातीवर आणि तापमानावर बदलतो, म्हणून ठरावीक अंतरावर पट्टी लावलेला वेगळा सेन्सर आधी वेग मोजतो, मग उंची, आणि घनतेसाठी डेन्सिटोमीटर लागतोच.

पूर्वसोलो

सगळ्यांचे मनापासून आभार. सिलेक्टर आणि बॉलचं डोक्यात पक्कं बसलं. अजून दोन शंका. टाकीत पाणी असेल तर कपॅसिटन्सचा गेज काय करेल? आणि मोठ्या विमानात गेज बंद पडला तर विमान उभंच राहतं का?

बाऊजर_ते_विंगटिप

पाण्याचा स्थिरांक ८० च्या आसपास. वरच्याच प्रोबचं गणित करा. सेंटीमीटरला ०.६ पिकोफॅरड. खालचा एक सेंटीमीटर पाण्यात गेला तर तिथे ४८. म्हणजे ४७ ची वाढ, आणि पूर्ण टाकीचा पल्लाच ६६ चा. एक सेंटीमीटर पाणी कागदावर पाऊण टाकी इंधनाची बतावणी करतं! प्रत्यक्षात प्रोबचं टोक तळापासून थोडं वर ठेवलेलं असतं आणि साचलेलं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे सिस्टीम बहुतेक वेळा आकडा टाकून देते किंवा तो भलतीकडेच जातो. कॉम्पेन्सेटर तळाला असल्यामुळे पाणी पहिल्यांदा त्यालाच गाठतं.

यावर उपाय म्हणजे ड्रेन. विमान बराच वेळ उभं राहिल्यावर, इंधन भरायच्या आधी काढा. भरताना सगळं ढवळून निघतं आणि पाणी परत तळाशी बसायला वेळ लागतो. पाणी राहिलं की इंधन-पाण्याच्या सीमेवर बुरशी वाढते, तिचा चिकट थर प्रोबच्या फटीत बसतो आणि मग पाणी काढलं तरी आकडा जास्तच येत राहतो. असा प्रोब धुवावा किंवा बदलावा लागतो.

गेज बंद पडला तर काय, ते एमईएलवर (काय बंद असताना उडता येतं त्याची मान्य यादी) अवलंबून. एखाद्या टाकीचा आकडा गेला आणि एमईएल परवानगी देत असेल तर स्टिकने मोजून विमान सोडतात. पंखाखाली मॅग्नेटिक स्टिक असतात. स्क्रू ड्रायव्हरने थोडं फिरवलं की कांडी खाली घसरते आणि टाकीतल्या तरंगत्या चुंबकापाशी आपोआप अडकते. पंखाच्या पातळीला आलेला आकडा वाचायचा, विमानाचा कल बघायचा, मग तक्त्यातून लिटर किंवा किलो. तक्ता त्याच विमानाचा, त्याच स्टिक क्रमांकाचा हवा. स्टिक वर ढकलून लॉक झाली का ते हाताने तपासायचं.

गेज धडधाकट असला तरी प्रत्येक वेळी हा ताळा होतोच. उतरल्यावर ४,२०० किलो होते. बाऊजरच्या (इंधन भरणारा टँकर) मीटरवर ९,६५० लिटर, घनता ०.७९, म्हणजे ७,६२४ किलो. बेरीज ११,८२४. मध्ये एपीयू (विमानातलं छोटं सहायक इंजिन) पाऊण तास चालला, ९० किलो वजा. ११,७३४ अपेक्षित आणि गेजवर ११,७६०, तर उत्तम. कंपनीने ठरवलेल्या मर्यादेबाहेर फरक गेला की स्टिक काढायच्या, सही नंतर.

स्पॅनर_आणि_सेफ्टीवायर

या ताळ्यात एकक चुकलं तर काय होतं त्याचं जगप्रसिद्ध उदाहरण, २३ जुलै १९८३, एअर कॅनडाचं बोईंग ७६७. इंधन मोजणाऱ्या प्रोसेसरला दोन चॅनेल होते. एका चॅनेलमध्ये कच्चा सोल्डर जॉइंट. एक चॅनेल खराब झाला तर दुसऱ्याने काम सांभाळायचं, पण हा अर्धवट बिघाड प्रोसेसरला ओळखता आला नाही आणि कॉकपिटचे सगळे आकडे गायब झाले. खराब चॅनेलचा ब्रेकर ओढला की आकडे परत येत. माँट्रियलला तपासताना तो ब्रेकर पुन्हा आत ढकलला गेला आणि तसाच राहिला.

मग ड्रिपस्टिकने (पंखाखालून मोजायची कांडी) मोजलं, ७,६८२ लिटर. हवे होते २२,३०० किलो. गुणायला घेतला १.७७, जो लिटरला पाउंडाचा आकडा आहे. किलोचा ०.८ च्या आसपास असतो. ७,६८२ गुणिले १.७७ म्हणजे १३,५९७, ते "किलो" समजले. कमी पडले ८,७०३, त्याला परत १.७७ ने भागून ४,९१६ लिटर भरले. खरी गरज सुमारे २०,००० लिटरची होती. विमान १०,१०० किलोच्या आसपास घेऊन निघालं. दोन्ही इंजिनं हवेत बंद पडली, कॅनडातल्या गिमलीच्या जुन्या हवाई तळावर ग्लायडरसारखं उतरवलं, ६९ च्या ६९ जण वाचले. मोजणं बरोबर होतं हे लक्षात घ्या. स्टिकने अचूक उत्तर दिलं होतं.

दुसरं उदाहरण उलट्या जातीचं. ६ ऑगस्ट २००५, ट्युनिंटरचं एटीआर ७२, बारीहून जेर्बाला जाताना पालेर्मोजवळ समुद्रात उतरलं, १६ जण गेले. आदल्या दिवशी इंधनाचा इंडिकेटर बदलला होता, आणि बसवला तो एटीआर ४२ चा. आकार तोच, कनेक्टर तोच, व्यवस्थित बसतो, दिवे लागतात. पण टाकीचा आकार आणि प्रोबची संख्या-रचना वेगळी, त्यामुळे आतलं गणित वेगळं. इंजिनं बंद पडली तेव्हाही इंडिकेटर १,८०० किलो दाखवत होता. म्हणून इंडिकेटर, प्रोसेसर किंवा प्रोब बदलताना पार्ट नंबर पार्ट्स कॅटलॉगमध्ये त्या विमानासाठी लागू आहे का ते बघायचं, "बसला" हा पुरावा नाही. आणि बदलल्यावर लगेच स्टिकने ताळा.

बॉल_मधोमध

आणि कुतूहल म्हणून या वायरिंगला मल्टिमीटर लावायला जाऊ नका, हेही इथेच लिहून ठेवतो. १७ जुलै १९९६ ला टीडब्ल्यूए ८०० या बोईंग ७४७ ची मधली टाकी हवेत फुटली, २३० जण गेले. अमेरिकेच्या एनटीएसबीने (अपघात तपासणारी संस्था) ठिणगीचा नक्की स्रोत सिद्ध झाला नाही असं म्हटलं, पण सर्वांत संभाव्य कारण दिलं ते असं की टाकीबाहेर शॉर्ट झाला आणि जास्त व्होल्टेज इंधन मोजणाऱ्या वायरिंगमधून आत शिरलं.

स्पॅनर_आणि_सेफ्टीवायर

बरोबर. त्यानंतर टाकीत जाणाऱ्या ऊर्जेची मर्यादा २०० मायक्रोज्यूल धरली गेली. इंधनाच्या वाफेला पेटायला साधारण पाव मिलिज्यूल पुरतो, म्हणजे २५०. मधली जागा किती अरुंद आहे बघा. म्हणून प्रोबची तपासणी मेन्टेनन्स मॅन्युअलने मान्य केलेल्या टेस्टसेटनेच करायची. वायरचा मार्ग बदलायचा नाही, दुसऱ्या लूमशी (वायरांचा जुडगा) बांधायचा नाही, क्लॅम्पखाली धातूचा कीस राहू द्यायचा नाही. तुमच्या १७२ मध्येही सेंडरची वायर टाकीच्या भिंतीला लागूनच जाते. तिथे टेप गुंडाळून केलेली जोडणी दिसली तर उडू नका, आधी इंजिनिअरला दाखवा.